काकांच्या वहीतला सेझा : प्रकल्प नोंदी

२२ जून २०२५, रविवार. डिचोली

काकांनी आज वही दिली. हिशेबाची लांबट वही, लाल बाइंडिंग, कडा वाळवीने थोड्या खाल्लेल्या. प्रत्येक पानावर तीन रकाने : तारीख, ‘सेझा’ आणि ‘ट्र.’. पहिली नोंद ७ जानेवारी २००६, शेवटची ३० मार्च २०१३. दर शनिवारी सकाळच्या पेपरात आलेला, सेझा गोवा या लोहखनिज कंपनीच्या शेअरचा आदल्या दिवसाचा बंद भाव त्यांनी उतरवून घेतला आहे. त्याच दिवशी संध्याकाळी रस्त्यावरच्या हॉटेलात एक चहा संपेपर्यंत खनिजाचे किती ट्रक गेले, तो आकडा शेजारी.

काकांकडे सेझाचा एकही शेअर कधी नव्हता. मग भाव कशाला लिहीत होतात, विचारलं. “गांवाचो जोर मेजतालों, बाय.” जोर म्हणजे ताप.

काम ठरलं असं : सगळं एक्सेलमध्ये भरायचं, एकच आलेख काढायचा, ए-थ्री कागदावर छापायचा आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी सगळे जमतील तेव्हा काकांना द्यायचा. यंदा चवथ २७ ऑगस्टला. दोन महिने आहेत. ऑफिसात रोज ताळेबंद करते मी, हे काय अवघड.

२४ जून, मंगळवार

सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. बाहेर पोरं विहिरींत उड्या मारताहेत, मी २००६ टंकते आहे. काकांचं अक्षर सुवाच्य, पण आकडे देवनागरी आणि पेन गळकं. ५ आणि ४ ओळखताना घाम फुटतो. पाणी लागलेल्या पानांवर तर ३ आणि ६ सारखेच दिसतात. एका शनिवारहून दुसऱ्या शनिवारी भाव दुप्पट झाला असेल तर सेल पिवळा व्हावा, अशी अट लावून ठेवली. असे सेल मागाहून वहीशी ताडून बघायचे.

२९ जून, रविवार

३६१ नोंदी भरून झाल्या. या दोन तारखांमध्ये ३७८ शनिवार येतात, म्हणजे १७ गायब. काका कधी बेळगावला लग्नाला, कधी आजारी.

तारखांनी मात्र छळलं. मी दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहीत गेले, आणि माझ्या लॅपटॉपची प्रादेशिक मांडणी अमेरिकन निघाली. म्हणजे ०६/१०/२०१२ लिहिलं की एक्सेल निमूट १० जून समजतं. १२ च्या पुढचा दिवस असला तर तेराव्या महिन्याची तारीख जमत नाही, म्हणून ती सेलमध्ये मजकूर म्हणून राहते आणि डावीकडे चिकटते. निदान या दिसतात तरी. उलट्या होऊन गुपचूप आत शिरलेल्याच खऱ्या वाईट, कारण त्या उजवीकडे शहाण्यासारख्या बसलेल्या असतात.

पकडल्या कशा, हे लिहून ठेवते. काकांची प्रत्येक नोंद शनिवारची. शेजारच्या रकान्यात तारखेचा वार सांगणारं ‘वीकडे’ सूत्र टाकलं आणि शनिवार नसलेल्या ओळी चाळून काढल्या. १० जून २०१२ ला रविवार होता, म्हणून ती लगेच सापडली. काकांच्या शिस्तीने माझी चूक धरली. मग मांडणी ‘इंग्लिश (इंडिया)’ केली आणि तो सगळा रकाना पुन्हा भरला. आधीच्या चुकीच्या तारखा मांडणी बदलून सुधारत नाहीत. त्या आत एक आकडा होऊन बसलेल्या असतात.

दुसरी गोष्ट अशी की शनिवारच्या पेपरातला भाव शुक्रवारचा. ट्रक मात्र शनिवारचे. म्हणून दोन तारखा ठेवल्या, भावाची एक दिवस आधीची.

६ जुलै, रविवार. आषाढी

पहिला आलेख काढला आणि पोटात गोळा आला. २००६ पासून रेघ चढत जाते, चार आकड्यांत पोचते आणि ऑगस्ट २००८ मध्ये सरळ खाली. कडा कोसळावा तशी. त्यापुढची सगळी वर्षं तळाशी जमिनीला टेकलेली. २००८ म्हटल्यावर आधी मनात आली ती जागतिक मंदी. पण लेहमन ब्रदर्स बुडाली सप्टेंबरमध्ये, हा कडा तिच्या आधीचा.

वही पुन्हा उघडली. त्याच पानाच्या समासात काकांनी बारीक अक्षरात लिहिलं आहे : ‘वांटे’. मला वाटलं, सत्तरीतलं वांटे गाव. ट्रक त्या बाजूने वळवले असतील, असा तर्क केला. पण ऑगस्टमध्ये ट्रक कुठले? पावसाळ्यात खाणी बंदच. संध्याकाळी फराळ घेऊन काकांकडे गेले आणि विचारलं.

“पडूंक ना गो तो. वांटे जाले ताचे!”

वाटे झाले त्याचे. २००८ मध्ये सेझाने दहा रुपये दर्शनी मूल्याचा शेअर एक रुपयाचा केला, म्हणजे एकाचे दहा. शिवाय एकास एक बोनस, म्हणजे दहाचे वीस. ज्याच्याकडे एक शेअर होता त्याच्याकडे वीस झाले आणि भाव विसाव्या हिश्शावर आला. कुणाचं काही बुडालं नाही. शेअर नसलेल्या माणसाला हे माहीत, आणि हिशेबावर पोट भरणारी मी गाव शोधत बसले.

१३ जुलै, रविवार

आज जुळवणी. काकांच्या मूळ भावाच्या रकान्याला हात लावायचा नाही, हे आधी ठरवलं. शेजारी ‘भागक’ नावाचा रकाना : वाटे होण्याआधीच्या सगळ्या ओळींत २०, नंतरच्या ओळींत १. त्याच्या पुढे ‘जुळवलेला भाव’ म्हणजे मूळ भाव भागिले भागक. उद्या कुणी विचारलं की हा आकडा आला कुठून, तर तीन सेल दाखवता येतात. शेअरचं असं विभाजन जुळवताना लोक मूळ आकड्यांवरच भागाकार करतात आणि महिन्याने त्यांनाच आठवत नाही की तो केला होता की नव्हता.

हे लिहिलं आणि तासाभरात मी तेच केलं. गायब १७ शनिवारांचे भाव भरायला नेटवरून एक जुनी मालिका घेतली आणि मूळ रकान्यात चिकटवली. आलेखाला २००७ च्या आसपास खाली लोंबणारे दात फुटले. कारण बऱ्याच संकेतस्थळांवरचा जुना भाव आधीच विभाजनासाठी जुळवलेला असतो. याहू फायनान्सवर नुसता ‘क्लोज’ सुद्धा विभाजनाला जुळवलेला, आणि ‘ॲडजस्टेड क्लोज’मध्ये लाभांशही वजा. त्या आकड्यांना माझ्या सूत्राने पुन्हा विसाने भागलं. समजा ८० असेल तर ४ झाला. उपाय सोपा : त्या १७ ओळींत भागक १, आणि ‘कुठून’ नावाच्या नव्या रकान्यात ‘वही’ किंवा ‘नेट’.

उभा अक्ष लॉग केला. साध्या अक्षावर ५० चे १०० झाले तर बोटभर चढ, ४०० चे ४५० झाले तरी तेवढाच चढ. एकात पैसे दुप्पट, दुसऱ्यात साडेबारा टक्के. लॉग अक्षावर दुपटीचं अंतर कुठेही सारखंच. आता आकार दिसतो : २००७ ची चढण, २००८ च्या अखेरची खरी पडझड (ही मात्र मंदीचीच, भाव दोन आकड्यांत), आणि तिथून २०१० च्या सुरुवातीला चारशेच्या वर. चीनला खनिज जात होतं ते दिवस. आमच्या रस्त्याकडेची झाडंसुद्धा लाल होती.

२० जुलै, रविवार

ट्रकचा रकाना. इथे दिवस गेला.

काकांनी कितीतरी ठिकाणी नुसती आडवी रेघ मारली आहे. मी तीच टंकली. एक्सेलला रेघ म्हणजे मजकूर, आणि रेषा-आलेखात मजकुराचा सेल शून्यावर काढला जातो. म्हणजे जिथे काका बेळगावला होते तिथेही ट्रक शून्य. रिकामा सेल ठेवला तर रेषा तुटते, किंवा सेटिंगमध्ये सांगितलं तर दोन बाजू जोडून घेते. तीन पर्याय, पण निवडायचा कोणता हे एक्सेल सांगणार नाही. वही घेऊन पुन्हा काकांकडे.

काका एकेक रेघ बोटाने दाखवत गेले. जून ते सप्टेंबर : आलेच नाहीत, शून्य. डिसेंबर २००९ : लग्नाला, मोजलेच नाहीत, रिकामा. मे २०११ : हॉटेलवाल्याची आई वारली, हॉटेल बंद, “पूण ट्रक आशिल्ले”, ट्रक मात्र होते. रिकामा. सप्टेंबर २०१२ पासून पुढे बोट थांबलंच नाही, ते सरळ पानं उलटत गेले. शून्य, शून्य, शून्य.

या शेवटच्या शून्यांमागचा क्रम टिपून ठेवते, आलेखावर उभ्या रेघा मारायच्या आहेत. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत ठेवला गेला. १० सप्टेंबरला गोवा सरकारने खाणकाम स्थगित केलं. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तो शुक्रवार होता, म्हणजे काकांच्या शनिवारच्या पेपरात पहिल्या पानावर बंदी आणि आतल्या पानावर भाव, दोन्ही एकाच दिवशी. त्यांनी नेहमीसारखा भाव उतरवला. अक्षर जराही हललेलं नाही, मी मुद्दाम पाहिलं.

शेवटची नोंद, ३० मार्च २०१३ : सेझासमोर रेघ, ट्रकसमोरही रेघ. एकाच ओळीतल्या दोन रेघा आणि अर्थ दोन. आदला दिवस गुड फ्रायडे, बाजार बंद होता, म्हणून भाव नाही. ट्रक नाहीत कारण ट्रक नाहीत. पहिल्या सेलमध्ये रिकामं, दुसऱ्यात ०.

२७ जुलै, रविवार

भाचा आला. कॉलेजात कॉमर्सला आहे, मोबाइलवर दिवसभर लाल-हिरव्या कँडल बघतो. “आत्या, नुसती लाइन काय काढतेस? कँडल काढ.” काकांच्या वहीत फक्त बंद भाव आहे. कँडलला चार भाव लागतात : उघडला किती, वर किती गेला, खाली किती आला, बंद किती. म्हणून तडजोड केली. मुख्य आलेख रेषेचा, आणि कोपऱ्यात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ चा छोटा कँडल आलेख, एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, दैनंदिन आकड्यांवरून.

त्याने फाइल उतरवली, तारखेपुढचे चार भाव निवडले, एक्सेलचा ‘ओपन-हाय-लो-क्लोज’ आलेख घातला. कँडल विचित्र. काही ठिकाणी उघडता आणि बंद भावांमधलं जाड अंग दिवसाच्या उच्चांकाच्या वर नाहीतर नीचांकाच्या खाली गेलेलं. असं होऊच शकत नाही, उघडता आणि बंद भाव दोन्ही दिवसाच्या उच्चांक-नीचांकाच्या आतच असायला हवेत. रकान्यांची नावं वाचली तेव्हा कळलं : उतरवलेल्या फाइलमध्ये ओपन, हाय, लो यांच्या पुढे चौथा रकाना ‘प्रीव्ह. क्लोज’ आहे, म्हणजे आदल्या दिवसाचा बंद भाव. खरा क्लोज त्याच्याही पुढे, ‘एलटीपी’नंतर. एक्सेल नावं वाचत नाही, क्रम बघतं. रकाने योग्य क्रमाने वेगळ्या शीटवर मांडले आणि अंगं जागेवर आली.

भाच्याने विचारलं, एलटीपी आणि क्लोज वेगळे का? एलटीपी म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव. क्लोज म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या, तीन ते साडेतीनच्या, सौद्यांची उलाढालीनुसार भारित सरासरी. रोज ट्रेडिंग करणाऱ्या पोराला हे आत्याकडून कळलं, याचा मला थोडा आनंद झाला. लपवत नाही.

आडवा अक्ष ‘मजकूर’ प्रकारचा केला. तारखेचा ठेवला तर शनिवार-रविवारी भोक पडतं आणि १९ सप्टेंबरसारख्या, त्या वर्षीच्या चवथीच्या, सुट्टीलाही.

त्याच फाइलशी काकांचे भावही ताडून पाहायचे होते. व्हीलुकअप या शोधसूत्राचा शेवटचा भाग ‘ट्रू’ ठेवला की नेमकी तारीख न सापडल्यास आधीची जवळची ओळ मिळते, सुट्टीच्या शुक्रवारांसाठी हे छान. फक्त तारखा चढत्या क्रमाने हव्यात, आणि फाइल आली होती नव्यापासून जुन्याकडे. पहिल्या फेरीत सगळी उत्तरं कचरा. उलटी लावल्यावर जुळली, कुठे काही पैशांचा फरक. काकांच्या पेपरात मुंबई शेअर बाजाराचा भाव येत असावा.

३ ऑगस्ट, रविवार

भांडण. भाच्याने भाव आणि ट्रक एका आलेखात दोन उभ्या अक्षांवर बसवले आणि डाव्या-उजव्या अक्षांची टोकं अशी सरकवली की दोन्ही रेघा एकमेकींच्या अंगावर झोपल्या. “बघ, ट्रक वाढले की भाव वाढतो!” मी त्याच आकड्यांवर अक्ष बदलून त्याला दुसरा आलेख काढून दाखवला, ज्यात ट्रक आधी वाढतात. मग तिसरा, ज्यात दोघांचा काही संबंध नाही. आकडा एकही बदलला नव्हता. तो गप्प झाला, मग म्हणाला, “म्हणजे फोनवर बघतो तेही असंच?” मी काही बोलले नाही.

शेवटी ठरलं : वर भावाची रेघ, लॉग अक्ष. खाली वेगळ्या पट्ट्यात ट्रकचे खांब, साधा अक्ष, शून्यापासून. (लॉग अक्षावर शून्य काढताच येत नाही, आणि माझ्याकडे शून्यं भरपूर.) आडवा अक्ष दोघांचा एकच, नजर वर-खाली करून ज्याने त्याने पाहावं.

पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यात भरते. २०१२ च्या पावसाळ्यानंतर खालचे खांब परत येतच नाहीत. वरची रेघ चालूच.

१० ऑगस्ट, रविवार

ती रेघ कुठे थांबवायची, यावर आठवडा गेला.

भाच्याचं म्हणणं, आजपर्यंत आण, सोपं आहे. सोपं नाही. सेझा गोवा आणि स्टरलाइट ही धातूंची कंपनी यांचं विलीनीकरण २०१३ मध्ये झालं. स्टरलाइटच्या पाच शेअरांना सेझाचे तीन मिळाले, सेझावाल्यांचे होते तेवढेच राहिले. नाव सेझा स्टरलाइट झालं, २०१५ मध्ये वेदांत. एनएसईवरचं चिन्हही तीनदा वेगळं : ‘सेसागोवा’, मग ‘एसएसएलटी’, मग ‘व्हीईडीएल’. चिन्हावरून शोधलं तर मालिका दोनदा तुटते. आयसिन या शेअरच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकावरून शोधलं तर जुळते. शिवाय शनिवार-रविवारच्या ओळी गाळायचं भाच्याचं सूत्र ३ नोव्हेंबर २०१३ चा दिवस खाऊन टाकतं. तो रविवार होता, पण दिवाळीचा, मुहूर्ताचे सौदे झालेले.

हे सगळं सोडवता येतं, आणि आम्ही सोडवलंही. सलग रेघ तयार झाली, २००६ ते २०२५, एकही खाच नाही. आणि मला ती बघवेना. २०१३ नंतर त्या रेघेत जस्त आहे, ॲल्युमिनियम आहे, राजस्थानचं तेल आहे. आमचा रस्ता तिच्यात औषधापुरता. लाभांशाची गोष्ट आणखी वेगळी : २०२२-२३ या एका आर्थिक वर्षात वेदांतने पाच हप्त्यांत शेअरमागे १०१.५० रुपये वाटले, आणि नुसत्या भावाच्या रेघेत त्यातला पैसाही दिसत नाही. दिसते ती फक्त लाभांशाच्या दिवसाची घसरण. एक्सेलच्या लेखी सगळी एकच मालिका.

काकांना फोन केला. २०१४ च्या एप्रिलमध्ये बंदी उठली होती, वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेने. मग २०१८ मध्ये पुन्हा बंद. पुढे डिसेंबर २०२२ च्या लिलावात डिचोलीचा खाणपट्टा वेदांतनेच घेतला. तुम्ही पुन्हा लिहायला का नाही घेतलंत?

“हॉटेल बंद जालें न्हय,” काका म्हणाले.

रेघ ३० मार्च २०१३ ला थांबवली. भाच्याची सलग मालिका दुसऱ्या शीटवर ठेवली आहे, त्याची मेहनत आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

छपाई. पडद्यावरचा हिरवा कागदावर शेवाळी येतो, पहिली प्रत फुकट. अक्षांवरचे आकडे काकांना चष्म्याविना दिसावेत म्हणून मोठे केले, मग तारखा एकमेकींवर चढल्या, मग फक्त वर्षं ठेवली. वीज दोनदा गेली. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं राहिलंय, आई ओरडते आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल जेवणं झाल्यावर कागद काकांसमोर पसरला. वरच्या रेघेकडे त्यांनी पाहिलंही नाही. ऑगस्ट २००८ ला मी ‘वांटे’ असं लिहून बाण काढला होता, त्यावर जरा हसले. मग वाकून खालचे खांब बघू लागले. बोट सरकत सरकत सगळ्यात उंच खांबावर थांबलं : १३ फेब्रुवारी २०१०, शनिवार. आजूबाजूच्या खांबांच्या जवळजवळ दुप्पट.

मी म्हटलं, त्या काळात चीनची मागणी जोरात होती ना. तेजीचं टोक म्हणून मी तिथे लाल ठिपकाही दिला होता.

काका थोडा वेळ आठवत राहिले. नेवरीचा तुकडा तोंडात तसाच. मग म्हणाले, त्या दिवशी पयल्या चहात माशी पडलेली. त्याने दुसरा करून दिला.

आज सकाळी फाइल उघडली. त्या ओळीत ट्रकसाठी भागक २. ‘कुठून’मध्ये लिहिलं : वही, दोन चहा. लाल ठिपका काढला. दुसरी प्रत संध्याकाळी छापून आणते.